शून्य लांबीची गल्ली

डबा तिच्या हातातून निसटला तिसऱ्या मजल्यावर आणि थांबला थेट तळमजल्यावर. मधल्या प्रत्येक पायरीवर त्यानं आपण स्टीलचे असल्याची जाहिरात केली. ठण्ण… ठण्ण… ठण्ण… सकाळी सव्वानऊला चार मजल्यांच्या त्या अख्ख्या ऑफिसला कळलं, की आज कुणाच्या तरी जेवणाचं काही खरं नाही.

"अहो, डोळे कुठे असतात तुमचे?" ती कडाडली. लिफ्टची रांग लांब होती म्हणून जिन्यानं निघाली होती बिचारी.

ज्याच्यावर कडाडली तो जिन्याच्या वळणावर भिंतीला पाठ लावून उभा होता. उंच, सावळा, बुटांवर सुकलेला चिखल आणि खांद्यावर एक लांबलचक पांढरी काठी. वळताना त्या काठीचं मागचं टोक तिच्या मनगटावर बसलं होतं, आणि पुढचं खिडकीच्या गजात अडकलं होतं.

"डोळे… पुढे होते," तो म्हणाला. "काठी मागे होती."

"मग एवढी काठी लिफ्टमधून न्यायची!"

"मावत नाही. दोन मीटरची आहे."

"मग तिरकी करायची."

"केली होती एकदा," तो खाली बघत म्हणाला. "तेव्हा दिवा फुटला."

तिला हसू आलं. पण राग अजून पुरता वापरून झाला नव्हता, म्हणून तिनं ते गिळलं. तोवर तो काठी भिंतीला टेकवून दोन-दोन पायऱ्या उतरत खाली पळाला होता. डबा घेऊन वर आला तेव्हा धापा टाकत होता, आणि कान लालबुंद झाले होते.

"झाकण उघडलेलं नाही," त्यानं डबा दोन्ही हातांनी पुढे केला. "पोचा आलाय एक. पण झाकण… पक्कं आहे."

"उपकार झाले. कुणाकडे जायचंय तुम्हाला?"

"चौथ्या मजल्यावर, नकाशा विभागात. साहेबांनी बोलावलंय." तो घुटमळला. "मी… सात नंबर."

डबा घ्यायला पुढे आलेला तिचा हात तिथल्या तिथे राहिला.

सात नंबर तिला सात महिने माहीत होता आणि तिनं त्याला एकदाही पाहिलं नव्हतं. शहरातल्या गल्लीबोळांची नव्यानं मोजणी चालू होती. नऊ भाग, नऊ मोजणीदार, आणि नऊ जण पाठवतील ते सगळं येऊन पडायचं तिच्या एकटीच्या टेबलावर. ऑफिसात त्यांना नंबरानंच ओळखत. येत्या सोमवारपासून रुग्णवाहिकांचे चालक हाच नकाशा मोबाइलवर बघून रस्ता शोधणार होते. नकाशातल्या प्रत्येक रेघेची एक ओळ असायची: नाव, लांबी, पायऱ्या आणि शेवटी दोन रकाने. एक मोजणाऱ्यासाठी, शेऱ्याचा. दुसरा तिच्यासाठी, शंकेचा.

बाकीचे आठ जण शेऱ्यात ‘ठीक’ लिहीत. चार नंबर तर तेवढेही कष्ट घेत नसे. सात नंबरच्या वाट्याला टेकडीवरची वस्ती आली होती, सगळी पायऱ्यापायऱ्यांची, आणि तो लिहायचा: ‘पायऱ्या एकवीस. बाविसावी वाहून गेली, पण लोक सवयीनं तिच्यावर पाय ठेवतात.’ ‘डावीकडे हिरवं दार. उघडं असलं तर स्ट्रेचर वळतं, बंद असलं तर नाही.’ ‘येथे कुत्रा आहे.’

त्या कुत्र्यापासून सगळं सुरू झालं. तिनं शंकेच्या रकान्यात विचारलं, ‘चावतो का?’ दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ‘नाही. पण हे त्याला कळू देऊ नये.’ ती भर ऑफिसात फिसकन हसली आणि ठसका लागल्याचं नाटक करून पाणी प्यायली. तेव्हापासून सकाळी आल्या आल्या ती आधी सात नंबरच्या ओळी उघडायची, आणि संध्याकाळी घरी मावशीला त्यातली एखादी ऐकवायची. ती मावशीकडेच राहायची.

"काय म्हणतोय आज तुझा सात नंबर?" मावशी विचारायची.

"माझा कसला गं? ऑफिसचा आहे."

"ऑफिसात नऊ आहेत, बाई. बाकीच्या आठांचं एक वाक्य कधी ऐकलं नाही मी."

आणि आता तो सात नंबर तिच्यासमोर उभा होता, हातात तिचा पोचा आलेला डबा घेऊन, आणि साहेबांनी त्याला का बोलावलं होतं ते तिला पक्कं माहीत होतं. कारण बोलवायला लावणारी तीच होती.

झालं होतं असं. मंगळवारी दुपारी तिनं नकाशा ऑनलाइन चढवला. तिच्या कॉम्प्युटरवर सगळं जागच्या जागी होतं, पण ऑनलाइन पाहिलं तर सदतीस रेघा नाहीशा! त्याही मोठ्या विचित्र रीतीनं. ओळी होत्या, लांबी लिहिलेली होती, पायऱ्या होत्या, शेरेही होते. आकार तेवढा नव्हता. ओळीवर बोट ठेवलं की नकाशावर निळी रेघ उजळायला हवी, ती उजळेना. दारावर पाटी आहे आणि आत घरच नाही, असा प्रकार. तिनं तीनदा चढवून पाहिला, तीनदा तेच. आणि सदतीसच्या सदतीस रेघा एकाच माणसाच्या, सात नंबरच्या. पाच वाजत आले होते, बस सुटायची वेळ झाली होती. तिनं साहेबांना घाईघाईत चिठ्ठी लिहिली: ‘सदतीस ओळींना आकार नाही. सर्व सात नंबरच्या. मोजणीत दोष असावा.’

तिच्या मते ‘असावा’ या शब्दात सगळी सावधगिरी आली होती. साहेब मात्र असले शब्द वाचत नसत.

"दोष आहे असं लिहून आलंय," ती दोघं वर पोचल्यावर साहेब चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले. निवृत्तीला वर्ष राहिलेला माणूस. कागदावर त्यांचा विश्वास होता, ऑनलाइन कशावरही नव्हता. "शुक्रवारी पाच वाजता मी यादीवर सही करणार आणि पाच वाजून पाच मिनिटांनी घरी जाणार. तोवर सदतीसच्या सदतीस नकाशावर दिसल्या, तर तुमचं काम पुढच्या वर्षी चालू. एक जरी कमी दिसली, तर टेकडी मी दुसऱ्या कुणाला तरी देईन. कळलं?"

"मी सगळं पायाखालून घातलंय, साहेब," सात नंबर हळू म्हणाला.

"मग गेलं कुठे?"

खरं तर तिनं तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं. हे तिला स्वतःलाच इतकं लागलं, की शेवटी ती एकदम म्हणाली, "साहेब, उद्या मी स्वतः टेकडीवर जाऊन बघते. यांच्याबरोबर."

साहेबांनी चष्मा खाली घेतला, तिच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि परत वर ढकलला. "छत्री घेऊन जा," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी मावशीनं विचारलं, "भेटला म्हणे! दिसायला कसा आहे?"

"उंच आहे."

"बरं. आणखी?"

"कान लाल होतात."

"मग माणूस चांगला आहे," मावशीनं निकाल देऊन टाकला. ती ताटं मांडायला उठली. तिच्या डोळ्यांसमोर राहून राहून ती तीन ओळींची चिठ्ठी येत होती.

गुरुवारी बारीक पाऊस होता. छत्री उघडली की थांबणारा आणि मिटली की पडणारा. तो टेकडीच्या पायथ्याशी काठी घेऊन उभा होता. वर चढताना तिला फार गंमत वाटायला लागली. ती या भागात आयुष्यात पहिल्यांदा येत होती आणि तरी तिला सगळं ओळखीचं होतं. इथे नळ असेल, असला. इथे भिंत पोट काढून उभी असेल, होती. आणि हिरवं दार दिसल्यावर तर एखादी मैत्रीण भेटल्यासारखी ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"उघडं आहे," ती म्हणाली.

"मग स्ट्रेचर वळेल," तो म्हणाला.

पुढच्या वळणावर एक पिवळट कुत्रा आडवा पसरला होता. त्यानं एक डोळा उघडला.

"हाच का तो?"

"हळू…" तो कुजबुजला. "त्याला अजून कळलेलं नाही."

आता मात्र तिनं हसू गिळलं नाही. तिचं हसणं ऐकून कुत्र्यानं दुसरा डोळाही उघडला, आणि सात नंबरचे कान परत लाल झाले.

"तुम्ही लिहिता इतकं छान," ती म्हणाली, "आणि बोलताना एवढे अडखळता का?"

"लिहिताना तुम्ही समोर नसता."

हे म्हणून तो घाईघाईनं पुढे चालायला लागला. ती दोन पायऱ्या मागे राहिली. पाऊस पडत होता की थांबला होता, हे तिला थोडा वेळ कळलंच नाही.

एका टप्प्यावर पोचल्यावर तिनं मोबाइलवर ऑनलाइन नकाशा उघडला. "एक विचारू? बाकीचे आठ जण अख्खी गल्ली एका रेघेत मोजतात. तुम्ही तिचे तुकडे तुकडे का करता? प्रत्येक टप्प्याला नवी रेघ, नवी ओळ. मला किती काम वाढतं!"

तो काठीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "माझ्या वडिलांना आम्ही अशाच एका गल्लीतून खुर्चीवर बसवून खाली आणलं होतं. रुग्णवाहिका खाली उभी. चौघं जण उचलायला. दर टप्प्याला कुणीतरी विचारायचं, अजून किती पायऱ्या? कुणाला सांगता येईना. उचलणाऱ्याला अख्खी गल्ली नको असते हो. पुढचा टप्पा किती, एवढंच हवं असतं."

"वडील…?"

"आहेत ना! ठणठणीत आहेत. रोज माझी अक्कल काढतात." तो हसला. "पण तेव्हापासून मी टप्प्याटप्प्यानं मोजतो. एक तुकडा जरी सुटला ना, तरी वरची सगळी घरं तुटली."

सदतीस तुकडे सुटले होते.

"चला," ती म्हणाली, "एकेक बघू. हा टप्पा ऑनलाइन नाही दिसत. किती लांबी?"

त्यानं काठी पायऱ्यांवर आडवी टाकली, उचलली, परत टाकली. "दोन काठ्या."

"वरचा दिसतो."

"तीन काठ्या. वर वीतभर."

"त्याच्या वरचा नाही."

"दीड."

"तो वळणावरचा? तोही नाही."

"दोनच."

"आणि नळाजवळचा… दिसतो."

"साडेतीन."

ती मटकन पायरीवर बसली. पायरी ओली होती, तेही तिच्या लक्षात आलं नाही.

"अडीच," ती म्हणाली. "अडीच काठ्यांच्या आतलं एकही दिसत नाही. अडीच काठ्या म्हणजे पाच मीटर… अरे देवा!"

"काय झालं?"

"माझी चूक आहे," ती म्हणाली. "तुमची नाही. माझी."

नकाशा ऑनलाइन चढवताना एक छोटी चौकट येते: नकाशा हलका करायचा का? हो म्हटलं की बारीकसारीक वळणं पुसली जातात आणि मोबाइलवर नकाशा चटकन उघडतो. रुग्णवाहिकेला घाई असते, म्हणून तिनं मोठ्या प्रेमानं त्या चौकटीत खूण केली होती आणि शेजारी आकडा टाकला होता, पाच मीटर. मोठ्या रस्त्यांना त्यानं काही होत नाही. पण पाच मीटरहून छोटी रेघ असली तर तिची दोन्ही टोकं एकाच जागी येऊन बसतात. मग तिला लांबीच उरत नाही, आणि लांबी नसलेली रेघ ऑनलाइन सेवा सरळ टाकून देते. ओळ ठेवते, आकार टाकते. नऊ मोजणीदारांत इतक्या छोट्या रेघा काढणारा एकच माणूस होता, आणि तो काळजीपोटी काढत होता.

तिनं हे सगळं त्याला सांगितलं. मग श्वास घेऊन उरलेलंही सांगितलं. "आणि ती चिठ्ठी… दोष असावा म्हणून… ती मीच लिहिली होती."

"माहीत आहे. साहेबांनी मला दाखवली. खाली सही होती."

"म्हणजे काल जिन्यातसुद्धा तुम्हाला…"

"नाही, ती नंतर पाहिली. आणि मी तुमचा डबा तीन मजले खाली पाडला होता. म्हटलं, फिट्टंफाट."

"फिट्टंफाट कसली? तुमचं काम जाणार होतं माझ्यामुळे!"

"तुम्ही ‘असावा’ लिहिलं होतं," तो म्हणाला. "साहेबांनी नाही वाचलं ते. मी वाचलं."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. सात महिने आपण याचा शब्द न् शब्द वाचतो आहोत असं तिला वाटत होतं. हाही आपला शब्द न् शब्द वाचतो, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी ती साहेबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "चूक माझी आहे, साहेब. मोजणी चोख आहे. तसं लेखी देते." साहेब दहा मिनिटं बोलले. त्यात त्यांच्या तरुणपणी नकाशे शाईनं कसे काढत आणि त्यातली एक रेघ कधी पळून गेली नाही, हेही आलं. शेवटी म्हणाले, "लेखी राहू द्या. आधी सदतीस दाखवा."

तिनं चौकटीतली खूण काढली आणि अख्खा नकाशा पुन्हा चढवला. खूण काढली म्हणजे नकाशा जड, चढायला वेळ लागणार. जेवणाची सुट्टी झाली, पोचा आलेला डबा खाऊन झाला, तरी ती पट्टी सरकतच होती. साडेतीनला एकदाचा नकाशा उघडला. तिनं ओळींवर बोट ठेवायला सुरुवात केली आणि एकेक निळी रेघ उजळत गेली. नळाच्या खालची, वळणावरची, कुत्र्याची… छत्तीस. ती जवळजवळ टाळ्याच वाजवणार होती. मग तिनं सदतिसाव्या ओळीवर बोट ठेवलं, आणि काहीच झालं नाही.

तिनं ती ओळ पहिल्यांदाच नीट वाचली. नाव: कोरं. लांबी: शून्य. शेरा: कोरा. सात नंबरच्या शेकडो ओळींत एक शेरा कोरा नव्हता, आणि हा मात्र कोरा.

तिनं रेघेच्या पोटातले बिंदू उघडले. रेघ म्हणजे तरी काय, मोजणीदाराजवळच्या यंत्रानं चालता चालता टिपलेले एकापुढे एक बिंदू. इथे चौदाशे बिंदू निघाले आणि सगळेच्या सगळे एका ताटात मावतील एवढ्या जागेत. तारखा पाहिल्या. सात महिने, शंभरावर सकाळी. वेळ पाहिली. रोज नऊ ते सव्वानऊ. मग तिनं जागा पाहिली आणि हळूच खुर्ची मागे सारून खिडकीशी गेली. खाली, रस्त्यापलीकडे, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं एक बंद दुकान होतं. त्याच्या पायरीवर… बरोबर तिथेच.

तिची बस रोज ऑफिसच्या फाटकाशी थांबते ती नऊ वाजून दहा मिनिटांनी.

साहेबांनी त्याला पाच वाजता बोलावलं होतं. पण तो तीनपासूनच खालच्या बाकावर बसून होता. तिनं निरोप धाडला, तसा तो काठी घेऊन चार मजले चढून आला. तिनं पडद्याकडे बोट दाखवलं.

"ही कुठली गल्ली?"

त्यानं पाहिलं. कान, गाल, मान, सगळं एकदम लाल झालं.

"ती… गल्ली नाही."

"लांबी शून्य आहे."

"हो."

"शेरा कोरा आहे."

"काय लिहावं ते… सुचलं नाही." त्यानं काठी या हातातून त्या हातात घेतली. "सकाळी यंत्र चालू केलं की त्याला उपग्रह सापडायला दहा मिनिटं लागतात. तोवर एका जागी उभं राहावं लागतं. मला वाटलं, चालायला लागेपर्यंत ते काही लिहून ठेवत नसेल."

"टेकडी शहराच्या त्या टोकाला. तिकडे उपग्रह सापडत नाहीत?"

"सापडतात."

"मग?"

"तिकडून… हे फाटक दिसत नाही."

तिनं खिडकीतून फाटकाकडे पाहिलं.

"पहिल्या दिवशी यंत्र घ्यायला आलो होतो," तो काठीच्या टोकाकडे बघत म्हणाला. "तुम्ही बसमधून उतरलात आणि एक चप्पल बसमध्येच राहिली. तुम्ही एका चपलेवर बसच्या मागे धावलात, बस थांबवलीत, चप्पल घेतलीत आणि चालकाला वर दम भरलात. मग आठवड्यानं तो कुत्र्याचा प्रश्न आला. फाटकावरच्या रखवालदाराला विचारलं, शंका कोण लिहितं? तर तुम्हीच. म्हटलं, उद्या जाऊन बोलू. मग म्हटलं, परवा…"

"आणि सात महिने रोज परवा?"

"रस्ता फार रुंद आहे हो तो."

तिला इतका आनंद झाला, की तो लपवायला तिनं उगीच टेबलावरचे कागद सारखे केले. ते आधीच सारखे होते.

"खोडून टाकू का ती ओळ?" त्यानं घाबरत विचारलं.

"यादीत सदतीस लिहिल्यात. छत्तीस निघाल्या तर साहेब तुमची सगळी मोजणी पुन्हा काढतील. आणि…" ती थांबली. "आणि मला नाही खोडायची ती."

घड्याळात साडेचार वाजले होते. तिनं डोकं चालवलं.

"रेघेला दोन टोकं लागतात," ती म्हणाली. "तुम्ही सात महिने एकाच टोकावर उभे आहात. दुसरं टोक फाटकाशी आहे. तिथून रोज अख्खं ऑफिस रस्ता ओलांडतं, आणि नकाशावर ती जागाच नाही. यंत्र घ्या, पायरीवर उभे राहा, आणि ओलांडून या. मोजणी खरी होईल."

"आत्ता?"

"नाही, परवा!"

दोघंही जिन्यावरून जवळजवळ धावतच उतरले. तो पलीकडे दुकानाच्या पायरीवर गेला, ती फाटकाशी थांबली. आता यंत्राला उपग्रह सापडेपर्यंत दहा मिनिटं. मधून बस गेल्या, टेम्पो गेले, एक सायकलवाला घंटी वाजवत गेला, आणि गाडी सरली की दर वेळी पलीकडे तो तिथेच, काठी सरळ धरून, तिच्याकडे बघत उभा. आजवर तो बघायचा आणि तिला पत्ता नसायचा. आता तीही बघत होती आणि हलायची सोय दोघांनाही नव्हती. दहा मिनिटं कुणी एवढं सरळ बघत उभं राहिलं, तर लपवायला काही उरत नाही. तिला तर चेहऱ्यावरचं हसूसुद्धा आवरेना.

एकदा रस्ता मोकळा झाला. त्यानं पाय उचलला.

"अजून नाही! हलू नकोस!" ती ओरडली.

ओरडल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. नकोस. रखवालदारानं मान वळवून पाहिलं. पलीकडे तो तसाच, एक पाय हवेत धरून उभा राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं ते चार मजल्यांवरूनही दिसलं असतं.

मग यंत्र वाजलं. त्यानं दोन्ही बाजूंना पाहिलं आणि चालायला लागला. अडखळला नाही, थांबला नाही, सरळ आला आणि काठीचं टोक तिच्या पावलांपाशी टेकवून उभा राहिला.

"आलो," तो म्हणाला.

"दिसलं," ती म्हणाली. "चल आता, पावणेपाच झाले."

वर येऊन तिनं ओळ दुरुस्त केली. ते चौदाशे बिंदू पहिल्या टोकाशी तसेच ठेवले. नाव घातलं, लांबी घातली. मग खुर्चीवरून उठली आणि म्हणाली, "शेरा तू लिही." त्यानं एका बोटानं शोधत शोधत लिहिलं. तिनं वाचलं, आणि शेजारच्या शंकेच्या रकान्यात आपले दोन शब्द लिहिले. या वेळी अख्खा नकाशा चढवायची गरज नव्हती, एकच ओळ होती. पाचला चार मिनिटं कमी असताना तिनं सदतिसाव्या ओळीवर बोट ठेवलं. ऑफिससमोर एक छोटीशी निळी रेघ उजळली.

साहेब पेन उघडून बसले होते. त्यांनी यादीवरून बोट फिरवलं आणि शेवटच्या ओळीवर थांबले. चष्मा खाली घेऊन त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"लांबी सहा काठ्या. पायऱ्या नाहीत. ओलांडायला सात महिने लागले." त्यांनी वर पाहिलं. "सात महिने? एवढी रहदारी असते तिथे?"

"असते, साहेब," दोघंही एकदम म्हणाले.

"हं. मीही तिथूनच ओलांडतो. मोजायला हवीच होती ती." त्यांचं बोट पुढच्या रकान्यात सरकलं. तिथे लिहिलं होतं: ‘शंका नाही.’ साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि सही केली. "टेकडी तुमचीच," ते त्याला म्हणाले आणि टोपी घेऊन पाच वाजून पाच मिनिटांनी घरी गेले.

लिफ्टला रांग नव्हती. पण काठी लिफ्टमध्ये मावत नाही, म्हणून ती दोघं जिन्यानं निघाली. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तो थांबला.

"सांभाळ," तो म्हणाला. "इथे मागचं टोक लागतं."

"नाही लागणार," ती म्हणाली. मागचं टोक तिच्या हातात होतं.